ह्यात कुणाचं घर आहे का?

बाईंच्या वर्गात येणारा प्रत्येक जण आधीच शहाणा असायचा, हीच बाईंची खरी डोकेदुखी होती. डावीकडच्या बाकांवर पत्रकार बसायचे, ज्यांना रोज सकाळी सगळ्या जगाला अक्कल शिकवायची सवय. उजवीकडे अधिकारी आणि सभागृहातले सभासद, ज्यांना ती अक्कल न वापरता कारभार हाकायची सवय. मधल्या वाटेने बाई खडू घेऊन फिरायच्या. दोन्ही बाजू एकमेकींकडे सोयरीक मोडलेल्या घरांसारख्या बघायच्या, आणि दुपारच्या चहाला मात्र एकाच बशीतली बिस्किटं संपवायच्या.

बाई कॉलेजातून निवृत्त झाल्या होत्या. घरी बसून करायचं काय, म्हणून त्यांनी हा वर्ग काढला. छापणाऱ्याला आणि ठरवणाऱ्याला थोडं अर्थशास्त्र आलं तर बाकीच्या माणसांचं जगणं जरा सुसह्य होईल, अशी त्यांची साधी समजूत होती. समजूत वाईट नव्हती. वाईट झालं ते वेगळंच.

ह्या वर्गाचा एक नियम होता. कुठलाही प्रश्न चर्चेला घेण्याआधी बाई फळ्याकडे पाठ करून विचारायच्या, "ह्यात कुणाचं घर आहे का?" म्हणजे ह्या निर्णयाने ज्याचं स्वतःचं, घरच्यांचं भलंबुरं होणार असेल, त्याने उठायचं, बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसायचं आणि चर्चा संपल्यावर आत यायचं. तरुणपणी बाई एका समितीवर होत्या, तिथे प्रत्येकाने रस्ता आपापल्या दारावरून वळवून घेतला होता. शेवटी तो रस्ता इतका वाकडा झाला की त्यावरून जायला कुणी धजेना. तेव्हापासून बाईंनी हा नियम मनाशी धरला होता.

कधी कधी त्याची गंमतही व्हायची. एकदा घरभाड्याच्या कायद्यावर चर्चा होती. बाईंनी प्रश्न विचारला आणि अख्खा वर्ग उठला. निम्मे भाडेकरू, निम्मे घरमालक. बाई रिकाम्या बाकांकडे बघून म्हणाल्या, "ठीक आहे, भिंतींनो, तुमचं मत काय?" बाहेर व्हरांड्यात हशा पिकला. त्या दिवशी बाईही हसल्या. त्या हसण्यात एक धडा होता, पण शिकवणाऱ्याला धडा दिसायला वेळच लागतो.

ह्या वर्गातले तिघे आपल्या कामाचे. पहिला म्हणजे जलवाहतूक खात्याचे प्रमुख. ते कायम पुढे बसायचे आणि बाईंचा शब्द न् शब्द झेलायचे, म्हणून वर्गाने त्यांचं नाव 'पहिला बाक' ठेवलं होतं. माणूस सज्जन, पण दिलेली गोष्ट पाठ करणारा. बाईंचा नियम त्यांना इतका आवडला की त्यांनी तो आपल्या कचेरीत नेला आणि बैठकीच्या खोलीबाहेर एक नवा बाक करवून ठेवला. दुसरी एका वर्तमानपत्राची बातमीदार. तिचा प्रश्न नेमका दुखऱ्या जागी लागायचा, म्हणून ती 'टाचणी'. तिसरे खाडीपलीकडच्या वस्तीतून निवडून आलेले सभासद. त्यांना सगळे 'पैलतीरवाले' म्हणायचे. त्यांचा आवाज असा की हळू बोलले तरी शेजारच्या खोलीतले लोक माना वर करत.

आणि खाडीपलीकडेच बाईंचा दादा राहायचा.

आईवडील लवकर गेले तेव्हा दादाने शाळा सोडून शिलाई यंत्र धरलं, आणि बाईंना शिकवलं. आयुष्यभर लोकांच्या कपड्यांना अस्तर लावणारा हा माणूस बहिणीला अजून 'छोटे' म्हणायचा, आणि साठी उलटलेल्या बाई त्या हाकेसरशी खरंच छोट्या व्हायच्या. गेल्या वर्षी दादाची मूत्रपिंडं थकली. आठवड्यातून तीनदा अलीकडच्या इस्पितळात येऊन त्याला डायलिसिसच्या मशीनवर झोपावं लागे. त्याला जागा मिळाली होती ती सकाळच्या पहिल्या पाळीत, आणि ती पाळी गाठायला एकच साधन होतं, ते म्हणजे पहाटेची बोट.

"तू माझ्याकडेच येऊन राहा ना," बाईंनी कितीदा तरी म्हणून पाहिलं.

"आणि तुझ्या वहिनीला कोण उठवणार?" दादा म्हणायचा. वहिनीचे पाय संधिवाताने गेले होते, आणि घर सोडून यायला ती तयार नव्हती. तिला अंथरुणावरून उठवणं, बसवणं, न्हाणीघरात नेणं सगळं दादाच्या हाती. आणि गंमत अशी की पहाटे त्याला उठवायचं काम वहिनीचं. बोटीचा भोंगा झाला की ती पडल्या जागेवरून हाक मारायची, "अहो, उठा, बोट लागली." तो तिला अंथरुणातून उठवणार, ती त्याला झोपेतून. असा त्यांचा संसार चालला होता.

एके दिवशी वर्ग सुटल्यावर टाचणी एक लेख घेऊन बाईंपाशी आली. छापण्याआधी तेवढी नजर टाका म्हणाली. बाईंनी चष्मा लावला, पहिली ओळ वाचली आणि कागद खाली ठेवला. लेख पहाटेच्या बोटीवर होता. ती जवळजवळ रिकामी जाते, आणि तिच्या एकेका उतारूवर सरकारचा किती खर्च होतो, असा त्याचा विषय.

"हे मी तपासणार नाही," बाई म्हणाल्या. "ह्यात माझं घर आहे. माझा दादा ह्याच बोटीने येतो."

टाचणीने कागद परत घेतला. दुसऱ्या दिवशी तिने ही गोष्ट वर्गात सांगितली, आणि आयुष्यात कधी कुणाचं कौतुक न केलेल्या त्या दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, "पुरे, पुरे, आता आकडे काढा," पण त्यांना बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोला!

लेख रविवारी छापून आला. वाचता वाचता बाईंचा हात कपाळावर गेला. टाचणीने बोटसेवेचा सगळा खर्च, म्हणजे खलाशांचे पगार, दुरुस्ती, धक्क्यावरचे दिवे, सगळं एकत्र करून त्याला फेऱ्यांच्या संख्येने भागलं होतं, आणि पहाटेच्या फेरीच्या वाट्याला आलेला आकडा तिच्या मूठभर उतारूंच्या माथी मारला होता. म्हणजे ही फेरी बंद केली की तेवढे पैसे वाचणार, असं कुणालाही वाटावं. पण खलाशी महिन्याच्या पगारावर होते, बोट दिवसभर चालायचीच होती, दिवे जळायचेच होते. घरातला एक माणूस जेवला नाही म्हणून घरभाडं पाचव्या हिश्शाने उतरत नाही. वाचतं ते मूठभर पीठ. पहाटेची फेरी बंद करून वाचणार होतं फक्त तेवढ्या खेपेचं डिझेल. पहिल्या वर्षाच्या पोराचीही ही चूक बाईंनी नजरेसरशी पकडली असती.

"मेलीने मला दाखवायला नको?" त्या मोठ्याने म्हणाल्या, आणि मग त्यांनी पेपरची घडी घातली. कारण मेलीने दाखवलं होतं.

पहिल्या बाकाने लेख वाचला. आपल्या बाईंच्या शिष्येने आपल्या खात्यावर लिहिलेला लेख, त्यात आकडे, म्हणजे आता निर्णय आकड्यांवरच. बैठक भरली, तो प्रश्न विचारला गेला, पैलतीरवाले उठून बाहेर गेले, आणि पहाटेची बोट बंद झाली.

दादाचा फोन आला. "छोटे, तुमच्या शास्त्राने माझी बोट बुडवली म्हणे?"

"दादा, चेष्टा नको. तू येणार कसा?"

"पूल आहे की."

पूल होता, पण कुठे तर खाडी अरुंद होते तिथे, लांब वर. दोन बस बदलायच्या, वळसा घालायचा. इस्पितळात उशिराची पाळी मागितली तर तिथे आधीच रांग. बाईंनी भाड्याची गाडी ठरवून दिली. परतताना दिवसाची बोट होती, पण जाताना तो थकलेला म्हातारा जीव त्या खड्ड्यांच्या रस्त्यावर पुन्हा पुन्हा ओकायचा. बोटीत तो बाकावर आडवा पडायचा, वारा लागायचा, डोळा लागायचा. खलाशी त्याला उठवून उतरवायचे. ही सगळी सोय त्या बातमीतल्या आकड्यात कुठेच बसत नव्हती.

बाईंनी एका पानाचं टिपण लिहिलं. किती खर्च होतो ते नका बघू, बंद केल्याने नेमका किती वाचतो ते बघा, अशी त्याची मांडणी होती. टाचणीने लेख चुकल्याचं मान्य केलं, डोळ्यांत पाणी आणून मान्य केलं, आणि फेरविचाराची बातमी लावली. पहिल्या बाकाने लगेच बैठक बोलावली. बाईंना तज्ज्ञ म्हणून आमंत्रण गेलं.

निघण्याआधी बाईंनी दादाला फोन केला.

"जा," तो म्हणाला. "पण माझं रडगाणं गाऊ नकोस. हिशोब मांड. तू हिशोबाची बाई आहेस."

बैठकीच्या खोलीत लांब टेबल, पाण्याचे ग्लास, प्रत्येकासमोर बाईंचं टिपण. पहिल्या बाकाने घसा साफ केला आणि आपल्या गुरूकडे अभिमानाने बघत विचारलं, "सुरू करण्याआधी... ह्यात कुणाचं घर आहे का?"

पैलतीरवाले सवयीने उठले. मग खोली बाईंकडे बघू लागली. टाचणी कोपऱ्यात वही उघडून बसली होती, तीही बघू लागली. सगळ्यांना ठाऊक होतं. बाई गप्प बसल्या असत्या तर कुणी त्यांना उठा म्हणालं नसतं. पण इतकी वर्षं ज्याला त्याला उठवलं, आणि आपली पाळी आल्यावर खुर्चीला चिकटून बसायचं? टिपण टेबलावर आहे, टिपण बोलेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. आणि त्या उठल्या.

"ह्याला म्हणतात बाई," पहिला बाक भारावून म्हणाला.

बाहेरच्या बाकावर पैलतीरवाले पाय पसरून बसले होते. बाई शेजारी टेकल्या.

"या," ते म्हणाले. "बाक चांगला आहे. मागच्या वेळी बोट बंद झाली तेव्हाही मी इथेच होतो."

"तुम्ही आत काही बोलला नव्हतात?"

"कसा बोलणार? तुमचाच नियम. सरकारी खर्चाने बाक केलाय खास." त्यांनी आवाज खाली आणला, म्हणजे त्यांच्या मते. "बाई, राग मानू नका. त्या बोटीत कोण बसतं ते आतल्या एकालाही माहीत नाही. ज्यांना माहीत आहे ते दोघं बाहेर. हे कसलं शास्त्र म्हणायचं?"

घरभाड्याच्या चर्चेचा तो दिवस त्यांना आठवला, त्या रिकाम्या भिंती आठवल्या. उठावं, दार ढकलावं, आत जावं असं त्यांच्या मनात आलं. त्या उठल्याही. दाराच्या मुठीवर हात ठेवला. मग दादाचं 'रडगाणं गाऊ नकोस' आठवलं, आणि त्या पुन्हा येऊन बसल्या. पुढच्या काळात बाईंना रात्ररात्र छळणार होती ती ही दाराची मूठ. थंडगार, पितळी, आणि फिरवली की उघडणारी.

दार उघडलं तेव्हा आतून चहाचे कप बाहेर आले आणि मागोमाग पहिला बाक.

"बाई, टिपणातल्या दुसऱ्या परिच्छेदावर जरा अडलं. हिशोब खात्याचे गृहस्थ म्हणतात, एकूण म्हणजे एकूण, त्यातून पगार वगळायचे कसे? तुम्हाला विचारलं असतं तर मिनिटात सुटलं असतं."

"मग विचारायचं होतं!"

"पण तुम्ही बाहेर होता ना," तो निरागसपणे म्हणाला. "विचारणं बरं दिसलं नसतं. पुढच्या बैठकीत घेऊ."

दादाला कळलं तेव्हा तो रागावला नाही. "माझ्यासाठी तू उठून बाहेर बसलीस? वहिनीला सांगितलं मी. छाती फुगली बघ." बाईंना वाटलं, ह्याने मला दोन शिव्या दिल्या असत्या तर किती बरं झालं असतं.

पुढची बैठक एकदा सभागृहाच्या अधिवेशनाने पुढे गेली, एकदा पहिल्या बाकाच्या परगावच्या दौऱ्याने. मधल्या काळात दादा फोनवर म्हणायचा, "हो, जाऊन आलो," "हो, बरं आहे." एका रविवारी बाई सकाळच्या बोटीने पलीकडे गेल्या. दादा दारात उभा होता. त्याच्या चपलांचे पट्टे उसवून सैल करून पुन्हा शिवले होते, नीट, जुन्या सराइताच्या टाक्याने. बाईंनी त्याच्या पायांकडे पाहिलं. पाय टम्म सुजले होते.

"दादा, तू जात नाहीस."

"मधली एखादी चुकते गं. त्या गाडीत बसायचं म्हटलं की पोटात ढवळतं."

"एखादी?"

त्याने पाय मागे घेतले. आतून वहिनी म्हणाली, "सांगा की तिला खरं. माझ्यापुढे बढाया मारता तशा तिच्यापुढे नका मारू."

बाई खूप बोलल्या, मोठ्याने बोलल्या, लहानपणी तो त्यांना अभ्यासावरून बोलायचा तशा बोलल्या. दादाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "उद्या जातो, छोटे. शपथ."

तो खरंच गेला. पहाटे गाडी आली, शेजाऱ्यांनी त्याला धरून बसवलं. पुलाच्या तोंडाशी एक मालट्रक आडवा झाला होता आणि गाड्यांची रांग लागली होती. दादाला श्वास घेता येईना. गाडीवाल्याने खिडक्या उघडल्या, भोंगा वाजवला, उतरून लोकांच्या विनवण्या केल्या. खाली खाडीचं पाणी होतं, रिकामं. बोट असती तर तो एव्हाना मशीनवर असता. त्या रांगेतच दादा गेला.

बाईंना आधी रडू आलं नाही. राग आला. टाचणीवर काढावा, तर ती पोर स्वतः येऊन पायरीवर बसून हुंदके देत होती. पहिल्या बाकावर काढावा, तर त्याने बाईंनी शिकवलं तेच केलं होतं. हिंडून हिंडून राग घरी आला, बाईंपाशी, आणि मग त्या रडल्या. दादाच्या घरी, त्याच्या शिलाई यंत्रावर डोकं ठेवून, लहान मुलीसारख्या रडल्या. वहिनी पलंगावरून हात लांबवत होती, पण तिचा हात पोचत नव्हता, आणि तिला उठवून बसवणारं आता कुणी नव्हतं.

वहिनीला आपल्या घरी न्यायचं बाईंनी ठरवलं. आवराआवर सुरू असतानाच पुढे ढकललेली बैठक एकदाची भरली. पहिला बाक नुकताच दौऱ्यावरून परतला होता. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

तेच टेबल, तेच ग्लास. "सुरू करण्याआधी," तो म्हणाला, "ह्यात कुणाचं घर आहे का?"

पैलतीरवाले उठले. दारापाशी जाऊन ते बाईंसाठी थांबले.

बाई उठल्या नाहीत.

"बाई?" पहिला बाक हळूच म्हणाला. त्याला गुरूची आठवण करून द्यायला संकोच वाटत होता. "तुमचे बंधू..."

"होतं माझं घर," बाई म्हणाल्या. "आता नाही. आता मला बसता येईल."

टाचणीने वही मिटली. पहिल्या बाकाला समजायला एक क्षण लागला, आणि समजल्यावर तो खुर्चीतून अर्धवट उठला आणि तसाच राहिला. बाई त्याच्याकडे न बघता दाराकडे वळल्या. "पैलतीरवाले, तुम्हीही बसा. कुणी बाहेर जायचं नाही. नियम माझा होता, मीच मोडते. ज्याचं घर आहे त्याने आधी बोलायचं, सगळ्यांना सांगून बोलायचं, आणि मग बाकीच्यांनी ठरवायचं. हे मी आधी शिकवायला हवं होतं."

पैलतीरवाले बोलले. बोटीत कोण बसायचं ते एकेक करून सांगितलं. मग बाईंनी खडू मागितला आणि डिझेलचा हिशोब मांडला. हिशोब खात्याच्या गृहस्थाने एक शंका विचारली, बाईंनी उत्तर दिलं, ते म्हणाले, "अच्छा, असं होय." चहा यायच्या आत ठराव झाला, सोमवारपासून पहाटेची बोट पुन्हा सुरू. ज्या गोष्टीला इतके दिवस लागले ती गोष्ट इतकी सोपी होती. ते बघवत नव्हतं.

सोमवारी पहाटे बाई पलीकडेच होत्या. सामान बांधून झालं होतं. दुपारी वहिनीला घेऊन निघायचं होतं. शिलाई यंत्र तेवढं कुठे ठेवायचं ते ठरत नव्हतं. बाई बाहेरच्या खोलीत जमिनीवर पडल्या होत्या, डोळ्याला डोळा लागला नव्हता.

खाडीवरून भोंगा आला. लांब, जाडसर, ओळखीचा.

आतल्या खोलीत वहिनी झोपेतच हलली आणि नेहमीच्या घाईच्या आवाजात तिने हाक मारली, "अहो, उठा, बोट लागली."

बाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला. कुणी ओ दिली नाही. मग आतून वहिनीने पुन्हा हाक मारली, जरा चढ्या आवाजात, "अहो, ऐकलंत का? आज उशीर करू नका."